विरजणाची पाठराखीण

पुणे
५ ऑगस्ट २००१

आई,

हे पत्र आबा तुला वाचून दाखवतील. आबा, आधी तुम्हाला सांगते, मधल्या ओळी गाळू नका. तुमची खोड मला ठाऊक आहे. जिथं आईला राग येईल असं वाटतं तिथं तुम्ही खोकता आणि खालची ओळ धरता. ह्या वेळी खोकू नका. येऊ दे तिला राग. राग आला म्हणजे निदान ऐकलं तरी.

मी बरी आहे. खोलीवर आम्ही दोघी असतो. दुसरी कोल्हापूरची आहे, स्वभावानं चांगली आहे पण घोरते. मेसचं जेवण गिळता येतं. दह्याचं मात्र विचारू नकोस. पांढरं पाणी असतं, आणि वर साखर भुरभुरून देतात, म्हणजे चोरी कळू नये.

माघापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. मामा शिरूरहून नारळ-साखर घेऊन बिरदेवसाठी मला मागायला आला आणि मी भरल्या घरात नाही म्हणाले. आपल्यात मामाच्या पोराचा हक्क पहिला, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आणि बिरदेव वाईट आहे असं मी कधी म्हटलं? घोडनदीत मला पोहायला त्यानंच शिकवलं. त्याच्याकडं बघितलं की मला भाऊच दिसतो, त्याला मी काय करू? आणि मला शिकायचं होतं. च्या न पिताच मामा उठला. तू दारात उभी राहून म्हणालीस, "तुज्यापायी माजं म्हायेर तुटलं. आता तुजंबी तुटलं असं समज." मी पिशवी उचलली आणि यवतची गाडी धरली. लग्नाला मी आजही हो म्हणणार नाही. आबा, हे जरा मोठ्यानं वाचा.

"सरकारचं पैसं खाऊन शिशीत काय बघत बसतीस गं?" असं तू विचारायचीस, आणि मी "तुला न्हाई कळायचं" म्हणून उठायचे. आज सांगते. पाव फुगायला यीस्ट घालतात ना, ते मी बघते. डोळ्याला न दिसणारा जीव आहे. त्याच्या अंगाला कोंब फुटतो, कोंब मोठा होतो आणि सुटा होतो. मोठी ती आई, सुटली ती लेक. हे मी म्हणत नाही, शास्त्राच्या पुस्तकातच तिला लेक म्हणतात. ह्या कामाला नवरा लागत नाही. (इथं आबा खोकणारच.)

ह्या जिवाच्या पोटात प्रथिनं असतात. लांब दोरीसारखी, आणि प्रत्येक दोरीची ठरलेली घडी. कधीमधी एखादीची घडी चुकते. नुसती चुकून गप बसली तर ठीक, पण ती शेजारणीलाही तशीच घडी घालायला लावते. शेजारीण तिच्या शेजारणीला. बघता बघता सगळ्यांचा मिळून गोळा होतो. त्याला म्हणतात प्रायॉन. विरजणच की गं ते! कोमट दुधात नखभर दही, आणि सकाळी सगळं दूध दहीच. फरक एवढाच की दह्यात जीव असतो आणि ह्यात जीवसुद्धा नसतो, नुसती घडी असते. ती आईच्या पोटातून लेकीच्या पोटात जाते आणि पुढं तिच्या लेकीच्या.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा प्रयोगशाळेत मला तुझ्या दह्याचा वास आला, खरंच आला. तुझं विरजण तू तुझ्या माहेराहून आणलेलं. लग्न होऊन राहू गावाला निघालीस तेव्हा आजीनं लोटीत घालून दिलेलं, आणि त्याचंच लागत आलेलं दही खाऊन मी एवढी झाले. सासरी जाताना मला ती लोटी मिळायची होती. मी सासरी गेले नाही, सरळ पुण्याला आले, म्हणून माझे हात रिकामे.

दिवाळीला येऊ का? पोस्टकार्डावर "ये" एवढं एक अक्षर लिहायला आबांना सांग. तुला वाटेल तेवढं मोठं लिही नाहीतर बारीक.

तुझी
प्रगती


पुणे
१९ नोव्हेंबर २००१

आई,

तू "ये" लिहिलं नाहीस तरी मी भाऊबीजेला आले. मला वाटलं, मामा ओवाळून घ्यायला येईल, दोघांचे पाय एकदमच धरीन, आणि काय तोडायचं-जोडायचं ते समोरासमोर होऊन जाईल.

तू मला "बसा" म्हणालीस.

"या. बसा. च्या घेनार का?" असं म्हणालीस. खानेसुमारीला मास्तरीणबाई आल्या होत्या त्यांना तू असंच बोलली होतीस. आई, तू "मसनात जा" म्हणाली असतीस ना, तरी मी हसले असते. मसनात जा हे लेकीलाच म्हणतात. परक्या बाईला कोण म्हणतं? आबा तेवढा वेळ स्वतःच्या पायाच्या बोटांकडं बघत होते. आबा, तुमची बोटं तिथंच आहेत, कुठं जात नाहीत.

मी च्या घेतला. पाव्हण्यासारखा बशीत ओतून घेतला. देवळीत ओवाळायचं ताट रुमालानं झाकून ठेवलेलं दिसलं. निरांजनात तूप घातलेलं होतं आणि वात कोरी होती. मामा आला नव्हता. ह्या वर्षी तर आला नव्हताच, आणि पुढंही येणार नाही असं तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेव्हा मला तुझा राग नाही आला, वाईट वाटलं. म्हणून निघताना मी विचारलं, "आई, नखभर विरजण देतीस का, खोलीवर लावते."

तू म्हणालीस, "दिवं लागल्याव विरजान देत न्हाईत."

आई, ऊन अजून वट्यावर होतं. म्हशी रानातून यायच्या होत्या. कुणाच्या घरात दिवा लागला होता ते सांग.

फाट्यापर्यंत अनसामावशी सोबत आली. पदरात दोन करंज्या बांधून आणल्या होत्या. शेजारच्या भिंतीला कान लावून तिनं सगळं ऐकलेलं असणारच, तिला काही सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "मनाव घेऊ नगंस बाय. लग्नात तिची पाठराखीन म्हनून आले मी, तिच्या मागनं टांग्यातनं उतरले, ती इरजनाची लोटी माज्या मांडीव व्हती. आन् हितंच भिताडाला भीत लागून दिलं मला. येवढं वरीस झालं, पर आता माज्याशीबी धड बोलंना. भावाचं ताट झाकून ठिवती आन् दुसऱ्या दिवशी गायीला घालती."

मी विचारलं, "मावशी, मी काय करू म्हणजे ती बोलंल?"

"तिचा भाऊ आल्याबिगार न्हाई बोलायची. म्हन्ली मला, हौसराव पायरी चढू दे, मंग पोरीला हाक मारते."

म्हणजे असं आहे तर. तुझं माहेर उघडलं तर माझं उघडणार. बरं.

प्रगती


पुणे
१४ एप्रिल २००२

आई,

आज सुट्टी आहे, सगळे जेवायला गेलेत. मी एकटीच प्रयोगशाळेत यीस्टच्या ताटल्या मोजत बसले होते आणि रडू आलं, म्हणून लिहायला घेतलं. आबा, रडू आलं हे वाक्य वाचू नका, तिला वाटेल मी मुद्दाम लिहिलंय. नाही, वाचा.

अनसामावशी "पाठराखीण" म्हणाली ना, तो शब्द माझ्या डोक्यात बसला. आमच्या कामात एक इंग्रजी नाव रोज तोंडात असतं, शॅपरोन. त्याला मराठीत काय म्हणावं हे आमच्या सरांनाही सुचत नव्हतं. मी म्हटलं, पाठराखीण. सर हसले, मग म्हणाले, बरोबर आहे.

पेशीच्या पोटात ही पाठराखीण प्रथिनं असतात. अंग तापलं, संकट आलं की धावून येतात. बिघडलेली घडी सोडवायची, एकटीला सांभाळायचं, हे त्यांचं काम. त्यातली एक आहे, तिला एकशेचार म्हणतात. ती प्रायॉनचा गोळा मोडते. आता तुला वाटेल, मोडला तर बरंच झालं, संपला. पण उलटंच आहे गं. ती मोडते म्हणून तर त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, आणि तुकडे झाले म्हणून त्यातला एखादा लेकीच्या वाट्याला जातो. मोडलाच नाही तर गोळा आईच्याच पोटात पडून राहतो. लेक सुटते ती रिकामी.

ह्याचा रंगावरून पत्ता लागतो. आमच्या यीस्टच्या अंगी प्रायॉन असला तर ताटलीवर पांढरा ठिपका उमटतो, नसला तर लाल. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या खाण्यात एक क्षार चिमूटभर घातला. त्यानं कुणी मरत नाही, फक्त त्या एकशेचारचे हात बांधले जातात. आया पांढऱ्या होत्या. लेकी, नाती, पणत्या होत गेल्या आणि आज बघते तर ताटलीभर लाल. प्रयोग छान झाला. सरांनी पाठ थोपटली. आणि मला त्या लाल ठिपक्यांकडं बघवेना.

तू कसला क्षार घातलास आई? माझ्या वाटणीचा तुकडा तुझ्या हातानं का मोडेना?

सगळे प्रायॉन सारखे नसतात हेही सांगते, नाहीतर तू म्हणशील एकीवरून सगळ्यांना नावं ठेवते. ते नाना तऱ्हेचे आहेत. एकाला एक पाठराखीण पुरते, दुसऱ्याला दोघी-तिघी लागतात. आणि एकाच प्रथिनाच्या दोन तऱ्हेच्या घड्या पडतात. एक इतकी घट्ट की पांढरीशुभ्र, दुसरी लेचीपेची, ती गुलाबी दिसते. दोरी तीच, पण घडीचं वळण वेगळं. तुझं आणि अनसामावशीचं दूध एकाच म्हशीचं असलं तरी तिच्या दह्याला तार सुटायची आणि तुझं सुरीनं कापावं असं. मग तिचं बिघडलं की वाटी घेऊन भिंतीवरून हात पुढं. "अनसे, तुज्या घरी मांजर दही खातंय व्हय गं?" असं तू म्हणायचीस, आणि वाटी भरायचीस.

तिला वाटी भरून दिलीस. मला नखभर नाही.

मी माफी मागणार नाही. नाही म्हणणं हा गुन्हा नव्हे. पण मी शिरूरला जाणार आहे, मामाकडं. तुझ्यासाठी जाईन, बिरदेवसाठी नव्हे.

प्रगती


पुणे
९ नोव्हेंबर २००२

आई,

शिरूरला जाऊन आले. जायला मला दुसरी दिवाळी उजाडली, एवढी मी भित्री. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गेले.

मामा बाजारात होता. बोकडांचे दात बघत होता, मला बघून दोन बोकडांचे जास्तच बघितले. मग घरी घेऊन गेला. बिरदेवचं लग्न झालंय, हे तुला कळलं असेलच. त्याची बायको चांगली आहे. तिनं मला ओटी भरून साखर दिली आणि बिरदेव हसून म्हणाला, "काय प्रगे, पवायला इसरलीस का न्हाई?" म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्याच्या मनात काही नाहीच. भांडण तुम्हा दोघा बहीणभावांचंच उरलं आहे.

मी मामाला म्हटलं, "मामा, उद्या भाऊबीज आहे. आई ताट झाकून ठेवती."

विडी विझली तरी तो ओढत राहिला. मग म्हणाला, "आक्कानं सांगावा धाडावा, मी निघालोच समज. माजं तोंड पडलं तितं. तिच्या दारात, चार पाव्हन्यात. एक डाव तिनं म्हनावं, हौशा ये."

मी म्हटलं, "ती म्हणती, हौशानं आधी पायरी चढावी."

"मंग बसू द्या तिला."

मी हात जोडले, रडले, आजीची शपथ घातली, काय काय केलं. शेवटी तो म्हणाला, "तू मधी पडू नगंस, पोरी. तू मधी पडलीस का गाठ आनखी बसती." खरं सांगू? हेही मला प्रयोगशाळेत दिसलंय. एकशेचारचे हात बांधले की प्रायॉन जातो, आणि एकशेचार पेशीत फार झाली तरी त्या पांढऱ्या ठिपक्यांतला प्रायॉन जातोच. पाठराखीण नसून चालत नाही आणि अंगावर पडून चालत नाही. ही अक्कल मला आधी यायला पाहिजे होती.

तर आई, आता तूच काय ते कर. "हौशा ये." दोनच शब्द आहेत. आबा कार्डावर लिहितील, दीड मिनिटाचं काम आहे. माझ्यासाठी करू नकोस, तुझ्यासाठी कर.

आणि आबा, तुमचं कार्ड मिळालं. आजवर तुम्ही पाऊसपाणी लिहायचात, म्हशीचं दूध लिहायचात, उसाची तोड कुठवर आली ते लिहायचात. ह्या वेळी कार्डावर एवढंच आहे, "तुझी आई बरी आहे. काळजी नसावी." ती बरी असते तेव्हा तुम्ही ती बरी आहे असं कधी लिहिता का? काय झालंय? मी येऊ का? तिला विचारू नका, तुम्ही सांगा.

प्रगती


पुणे
२ मार्च २००३

आई,

हे पत्र आबांनी वाचून दाखवायचं कुणाला, हे मला ठाऊक नाही. तरी लिहिते. सवय झाली.

कावीळ म्हणून तू गावातल्या गावात पाला खात राहिलीस. पोटात पाणी झालं तरी "पोरीला कळवू नगा" म्हणालीस, आणि आबांनी ऐकलं. जन्मभर ओळी गाळल्या त्यांनी, ही एक तेवढी गाळायची नव्हती. मी त्यांच्यावर ओरडले. दौंडच्या दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांदेखत ओरडले, "मी कोण लागते हिची?" ते नुसते म्हणाले, "तिनंच शपथ घातली, बाय."

तू खाटेवर एवढीशी दिसत होतीस. मी पायाशी बसले. बऱ्याच वेळानं तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "कवा आलीस?"

आलात नाही म्हणालीस. आलीस म्हणालीस.

आई, तू मला ओळखलं होतंस का? का ग्लानीत तुला दुसरंच कुणी दिसत होतं, तुझी आई, नाहीतर अनसामावशी? मी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं करत बसले. तू वाट बघितलीस, मग डोळे मिटलेस. ते मिटलेच. त्या एका "स"वर मी किती दिवस काढू, आणि तो माझा होता का नव्हता हे कुणाला विचारू?

मामा आला, आई. निरोप मिळाला तसा जीप करून आला. पायरी चढला. मी बघितलं, चढताना त्यानं पायरीवर हात टेकला. माहेरची साडी घेऊन आला होता, हिरवी, मोरपंखी काठाची. दोन भाऊबिजांपासून त्यानं ती तुझ्यासाठी घेऊन ठेवली होती का त्याच दिवशी शिरूरच्या दुकानातून आणली, हे मी विचारलं नाही. बायका त्याला म्हणाल्या, "तुमीच घाला." नव्या साडीची घडी मोडायला तू नेहमी मला द्यायचीस, नव्या कापडाला लेकीचं अंग लागलं की ते लाभतं म्हणायचीस. ही घडी मामानं मोडली. तुझ्यावर पसरली आणि म्हणाला, "आक्के, आलो न्हवं मी. ऊठ की." तोंडात पदराचा बोळा कोंबून मी भिंतीला टेकले. तुझं माहेर उघडलं गं आई. आणि तूच नव्हतीस.

सुतकात चूल अनसामावशीच्या घरची. आपल्या शिंकाळ्यातलं मडकं तसंच राहिलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते उतरवलं तर आत हिरवं-काळं झालेलं, कडेला किडे. आजीच्या लोटीपासून चालत आलेलं ते संपलं होतं. मी मडकं धरून उंबऱ्यात बसले आणि आबांना म्हणाले, "झालं आबा. लेक रिकामी." आबांना काय कळणार? ते खोकले.

कळलं ते अनसामावशीला. ती भिंतीवरून वाकून बघत होती. म्हणाली, "त्ये उकिरड्याव टाक. आन् हिकडं ये."

तिच्या चुलीमागं झाकून ठेवलेलं गाडगं तिनं पुढ्यात ठेवलं. ताट काढलं. आई, सुरीनं कापावं असं. मी वास घेतला. मी म्हटलं, "मावशी, हे तर..."

"तिचंच हाय. माजं कवा व्हतं? माजं इरजन नासतं आन् मी तिच्याकडनं आनती, ह्ये सारं गाव जानतंय. ती दवाखान्यात गेली तवा हे माज्या घरात लावलेलं व्हतं. म्हटलं, आता मला देनारं कोन हाय, म्हनून रोज लावत ऱ्हायले, नासू दिलं न्हाई." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "लोटी माज्याच मांडीव व्हती की त्या टायमाला. पाठराखनीला काय येकाच दिसाचं काम असतंय व्हय?"

मी तिच्या गळ्यात पडले. मोठ्यानं रडले, आई, तुझ्या मातीला रडले नव्हते एवढी. ती म्हणाली, "रड. पर गाडगं लवंडंल, आदी बाजूला ठिव."

तिनं मला लोटीभर काढून दिलं. मी यवतची गाडी धरायला निघाले, तर आपल्या वट्यावर मामा, शिरूरला जायला निघालेला. माझ्या हातातल्या लोटीकडं बघून थांबला. "आक्काच्या हातचं?" मी मान हलवली. तो म्हणाला, "आईचं बी इरजन त्येच की. आमच्याकडं बंद पडलं, कवाच. सून पिशवीचं आनती." मग हातातल्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून पुढं धरलं. "थोडं देतीस का?"

आई, दोन वर्षं. दोन वर्षं तुझं ताट गाईनं खाल्लं. त्यानं दोन शब्दांसाठी पाय अडवला आणि तू दोन शब्दांसाठी जीभ. माझ्या ओठांवर ते आलंच, "दिवं लागल्याव विरजान देत न्हाईत." तुझ्याच आवाजात आलं. पहिला शब्द मी बोललेसुद्धा. "दिवं..."

अनसामावशी भिंतीपलीकडून म्हणाली, "ऊन हाय अजून, बाय."

ऊन होतं. वट्यावर, तुझ्या बसायच्या जागेवर, तसंच पिवळं. मी लोटीतल्या दह्यात बोटं घातली, मोडलं, आणि अर्धं मामाच्या डब्यात टाकलं. डब्याचं झाकण लावायचं सोडून तो तसाच उभा राहिला आणि मला विचारायला लागला, "आता भाऊबीजंला मी कुनाकडं जाऊ गं?" पन्नाशीचा माणूस, आणि लहान पोरासारखं विचारत होता. मला त्याचा रागही होता आणि त्याची कीवही आली. जाताना तो म्हणाला, "येत जा. दार उगडं हाय." मी मान हलवली. जाईन का ते अजून ठरलं नाही.

खोलीवर येऊन दूध कोमट केलं आणि लावलं. कोल्हापूरची विचारत होती, एवढं काय त्या लोटीला उशाशी घेऊन झोपतेस. आज सकाळी बघितलं, लागलंय. वर साय धरलीय, भांडं कलतं केलं तरी हलत नाही. तुझ्यासारखंच हट्टी. मघापासून चमचा हातात धरून बसले आहे आणि घालवत नाही, कारण तुझ्या हातचं असं पुरं, न मोडलेलं, आता एवढंच आहे. पण मोडलं नाही तर उद्याचं लागणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मोडते. एक वाटी उद्यासाठी ठेवते, एक कोल्हापूरच्या बाईला देते.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी राहून गेलं. कवा आलीस, असं विचारलंस ना?

आत्ताच आले गं. उशीर झाला.

तुझी
प्रगती